शब्दांचे सांधे

बोललेला शब्द कानास अखंड वाटतो. परंतु तो अखंड नसतो. कळकाच्या काठीला जशी पेरे असतात, तशीच ती शब्दालाही असतात. मुखातून निघणारा श्वास थोड्याथोड्या झटक्यांनी निघतो, आणि प्रत्येक झटक्यात एक स्वर व त्याला बिलगलेली व्यंजने बाहेर पडतात. अशा एकेका भागास प्रस्तुत लेखात आम्ही 'अवयव' म्हणणार आहोत, आणि दोन अवयव जेथे मिळतात त्या जागेस 'सांधा'. शब्दाचे सांधे कोठे असतात व त्यातील कोणत्या अवयवावर आवाजाचा भार पडतो, हा ह्या लेखाचा विषय होय.

विषय व्याकरणाचा दिसतो म्हणून कोणी पान उलटू नये. आपल्या कर्जत-खालापूरच्या भागात आजही अशी घरे आहेत की, आलेले पत्र, सातबाऱ्याचा उतारा किंवा शाळेची सूचना घरातील शिकणारे मूल मोठ्याने वाचते आणि आजी-आजोबा कान देऊन ऐकतात. मुलाने अक्षरे बरोबर ओळखली, पण शब्द भलत्याच जागी मोडला, तर ऐकणाऱ्याच्या पदरी अक्षरे पडतात, अर्थ पडत नाही. तेव्हा सांधा ओळखणे ही केवळ परीक्षेची बाब नव्हे. वाचलेले दुसऱ्यास पोहोचते की नाही, हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून आहे.

१. लिहिलेले अक्षर आणि बोललेला अवयव

देवनागरी लिपी ही उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हे बहुतांशी खरे आहे. परंतु एका ठिकाणी लिपी व जीभ ह्यांची फारकत होते. ते ठिकाण म्हणजे व्यंजनात दडलेला 'अ'. लिहिताना 'कर्जत' ह्या शब्दाची अक्षरे तीन: क, र्ज, त. बोलताना मात्र अवयव दोनच: कर्-जत्. शेवटच्या 'त'मधील 'अ' आपण उच्चारीत नाही. 'चौक' हे खालापूर तालुक्यातील गाव लिहिताना दोन अक्षरे घेते, बोलताना मात्र एका झटक्यात संपते. 'नेरळ' म्हणजे ने-रळ्, 'माथेरान' म्हणजे मा-थे-रान्, आणि 'खालापूर' म्हणजे खा-ला-पूर्.

हा लोप केवळ शब्दाच्या शेवटीच होतो असे नाही. तो मध्येही होतो. कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पळसदरीनंतर केळवली व डोलवली ही स्थानके लागतात. देवनागरीत प्रत्येकी चार अक्षरे. पण गावकरी के-ळव्-ली व डो-लव्-ली असे तीनच अवयव बोलतो. ह्याचा पुरावा स्थानकाच्या पाटीवरच आहे. ह्या नावांच्या रोमन लेखनात 'व'नंतर स्वराचे अक्षर घातलेले नाही. 'व'ला लगेच 'ल' लागतो. रोमन लिपीत 'अ' एक तर लिहावा लागतो, नाही तर गाळावा लागतो. मधला मार्ग नाही. आपली लिपी हा निर्णय वाचणाऱ्याच्या जिभेवर सोपवते.

ज्याची मातृभाषा मराठी, त्याची जीभ हा निर्णय न चुकता करते. अडचण येते ती पुस्तक उघडल्यावर. 'करवत' हा शब्द घरी कर्-वत् असा सहज बोलणारे मूल वाचनपाठात 'क, र, व, त' अशी चार टाचणे मारू लागते, आणि तसेच वाचणे शुद्ध, अशी त्याची समजूत होते. ही समजूत खोटी आहे. ह्या बाबतीत मुलाची बोली पुस्तकाच्या विरुद्ध नसून पुस्तकाची किल्लीच तिच्या हाती आहे.

२. सांधे ओळखण्याचे नियम

जीभ जे नकळत करते त्याचे नियम सांगता येतात. ते थोडक्यात येणेप्रमाणे:

(अ) शब्दाच्या अखेरचा 'अ' बोलताना लोपतो: घर म्हणजे घर्, गवत म्हणजे ग-वत्. त्यापूर्वी जोडाक्षर असेल, तर मात्र तो थोडासा ऐकू येतो. जसे धर्म, पुण्य, पत्र.

(आ) मधला 'अ' तपासावयाचा असल्यास शब्दाच्या शेवटाकडून मागे यावे. ज्या 'अ'च्या मागेही स्वरयुक्त अक्षर आहे आणि पुढेही स्वरयुक्त अक्षर आहे, तो लोपतो. 'बकरी'मधील 'क' असा आहे, म्हणून बक्-री. 'करवत'मध्ये शेवटचा 'अ' पहिल्या नियमाने गेला. त्यामुळे 'व'ला पुढे आधार उरला नाही, म्हणून त्याचा 'अ' टिकला. 'र'ला मात्र दोन्हीकडे स्वर मिळाले, म्हणून त्याचा 'अ' गेला. कर्-वत्.

(इ) पहिल्या अक्षरातील 'अ' कधीही लोपत नाही.

(ई) सामासिक शब्दात प्रत्येक पद आपापला उच्चार राखते. 'पळसदरी' ह्या नावास केवळ दुसरा नियम लावला, तर 'द'मधील 'अ' जाईल आणि न ओळखता येणारा शब्द तयार होईल. परंतु हे पळस आणि दरी अशा दोन पदांचे नाव आहे. 'पळस' आपल्या शेवटचा 'अ' सोडतो, 'दरी' आपल्या पहिल्या अक्षराचा 'अ' धरून ठेवते, आणि प-ळस्-द-री असे चार अवयव होतात. जेथे शब्दाचा सांधा कळत नाही, तेथे पुष्कळदा त्याचा अर्थच कळलेला नसतो. आणि अर्थ कळला की सांधा आपोआप सापडतो.

(उ) प्रत्यय लागला की सांधे हलतात. 'पळस' हा एकटा असता प-ळस्. 'ला' जोडताच तो पळ्-सा-ला होतो. पळसाला पाने तीनच ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. लिहिताना अक्षरे चार असली, तरी बोलताना 'पळसाला' ह्या शब्दाला अवयवही तीनच, हे ध्यानात ठेवल्यास हा नियम विसरणार नाही.

ह्या शेवटच्या नियमाने शुद्धलेखनातील एक नित्याचे कोडे सुटते. आपण 'खालापूरला' लिहिताना 'पू' दीर्घ काढतो, पण 'खालापुरात' लिहिताना 'पु' ऱ्हस्व काढतो. असे का? सांधे पाहावे. खा-ला-पूर्-ला ह्यात 'र' हा 'पू'च्याच पदरी राहिला. खा-ला-पु-रात् ह्यात तो उठून पुढच्या अवयवात गेला. व्यंजनाने मिटलेला शेवटचा अवयव मराठीत स्वर लांबवतो: फूल, मूल, गूळ, आणि तोच अवयव उघडा पडला की स्वर आखडतो: फुलाला, मुलाला, गुळाला. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ह्याला अपवाद आहेत. जो कानाने सांधे ऐकतो, त्याला असे नियम पाठ करण्याचे श्रम निम्मे होतात.

३. खोपोली आणि नापोली

आपल्या भाषेचे वैशिष्ट्य दुसऱ्या भाषेशेजारी ठेवल्याने अधिक स्पष्ट दिसते. ह्यासाठी आम्ही इटालियन भाषा घेतो. कारण तिच्यात शब्द तोडण्याचे नियम फार नेटके आहेत, आणि तिचे काही शब्द आपल्या घरातही येऊन बसले आहेत.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल, तर ते पुढच्या स्वराकडे जाते, हे आपल्यासारखेच. द्वित्त व्यंजन असेल, तर ते मधोमध मोडते, हेही आपल्यासारखेच. शहराला इटालियन लोक 'चित्ता' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या रानातील चित्त्याप्रमाणेच चित्-ता असा तुटतो. परंतु 'स'नंतर दुसरे व्यंजन आले, तर ती भाषा दोन्ही व्यंजने पुढे ढकलते. 'पास्ता' हा पदार्थ आपण पास्-ता असा मोडतो, इटालियन मूल मात्र वहीत पा-स्ता असा मोडावयास शिकते. त्याचप्रमाणे 'इ' किंवा 'उ' हे दुर्बळ स्वर शेजारच्या स्वरात मिसळून एकच अवयव होतो. आपण पि-आ-नो असे तीन भाग करतो, तेथे दोनच होतात: प्या-नो. हिवतापाचे 'मलेरिया' हे नावही त्याच भाषेतले. 'वाईट हवा' असा त्याचा मूळ अर्थ. आपल्या तोंडी त्याचे चार अवयव आहेत, मूळ भाषेत तीनच: मा-ला-र्या.

खरा भेद मात्र आघाताचा आहे. खोपोली म्हणून पाहा. खो, पो, ली हे तिन्ही अवयव सारख्याच वजनाचे. आपण त्यातील कोणत्याही एकावर घाव घालीत नाही. आता इटलीतील नापोली हे शहर घ्या. इंग्रज त्याला नेपल्स म्हणतात. कागदावर दोन्ही नावे जुळी भासतात. पण इटालियन मनुष्य 'ना'वर जोर देतो आणि पुढचे दोन अवयव उतारावरून घसरल्यासारखे भराभर बोलतो. अशा शब्दास त्या भाषेत 'घसरता' अशा अर्थाचेच नाव आहे. मिलानो शहराचे नाव उच्चारताना जोर मधल्या 'ला'वर येतो. इटालियन शब्दांत हाच प्रकार सर्वांत अधिक. शेवटून दुसऱ्या अवयवावर भार, आणि अशा शब्दास 'सपाट' म्हणतात. जोर अगदी शेवटच्या अवयवावर असला, तर त्यावर लहानशी तिरपी रेघ देणे आवश्यक असते. वर सांगितलेल्या 'चित्ता'च्या शेवटी ती असते. इतरत्र बहुधा चिन्ह नसते. वाचणाऱ्याने शब्द जाणून असावे लागते.

न जाणल्यास काय होते? 'आंकोरा' ह्या शब्दाच्या पहिल्या अवयवावर जोर दिला, तर अर्थ होतो जहाजाचा नांगर. दुसऱ्यावर दिला, तर अर्थ होतो 'अजून' किंवा 'पुन्हा'. 'प्रिंचिपी' ह्यात पहिल्यावर जोर असता राजपुत्र, दुसऱ्यावर असता तत्त्वे. अक्षरे तीच, क्रम तोच. केवळ आवाजाचा भार हलला आणि राजपुत्रांची तत्त्वे झाली.

असा भेद आपल्या देशास अपरिचित होता असे मात्र नाही. वेदांच्या पठनात उदात्त, अनुदात्त व स्वरित हे स्वर काटेकोर पाळले जातात. पतंजलीने महाभाष्यात उल्लेखिलेली 'इन्द्रशत्रु' ह्या शब्दाची कथा प्रसिद्धच आहे. त्वष्ट्याला इंद्राचा नाश करणारा पुत्र हवा होता. पण यज्ञात शब्दावरील स्वर चुकला, आणि 'इंद्राला मारणारा' ह्याऐवजी 'इंद्र ज्याला मारील तो' असा अर्थ होऊन फळ उलटे मिळाले. कथा कथा म्हणून सोडून दिली, तरी अर्थ कधी कधी एका अवयवावरील भारावर लटकलेला असतो, हे तिचे मर्म सोडता येत नाही.

४. दऱ्या आणि दर्या

आजच्या मराठीत शब्दातील आवाजाचा भार बेताचाच असतो आणि तो सामान्यतः जड अवयवाकडे झुकतो. इटालियनप्रमाणे भार हलवून आपण शब्दाचा अर्थ बदलत नाही. वाक्यात जोर द्यावयाचा असेल, तर 'च' व 'ही' ही अव्यये आपल्या मदतीस धावतात: मीच गेलो, मीही गेलो. मग मराठीत आघाताला काही महत्त्व आहे की नाही? आहे, आणि ते जोडाक्षराच्या ठिकाणी आहे.

जोडाक्षर आले की त्यातील पहिले व्यंजन बहुधा मागच्या अवयवास जाऊन मिळते आणि मागच्या अक्षरावर आघात होतो. पुस्-तक्, विद्-या, सत्-य. म्हणूनच जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्व स्वरही छंदःशास्त्रात गुरु, म्हणजे दोन मात्रांचा, मानतात. आणि हा नियम पाणिनीइतका जुना आहे. परंतु मराठीत अशी काही जोडाक्षरे आहेत की, ती मागे हात पसरत नाहीत. पुन्हा, तुम्ही, कुऱ्हाड हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पु-न्हा, तु-म्ही, कु-ऱ्हाड्. येथे पहिल्या अक्षरावर आघात नाही. ते लघुच राहते.

ह्या भेदाचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या भूगोलातच आहे. रायगड जिल्ह्याच्या पश्चिमेस अलिबाग-मुरुडकडे दर्या आहे. पूर्वेस, कर्जत-खालापूरकडे, सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. दर्-या म्हणजे समुद्र: 'र' मागे वळला, 'द'वर आघात झाला, दोन्ही अवयव गुरु. द-ऱ्या म्हणजे दरीचे अनेकवचन: 'र' पुढेच राहिला, 'द' हलका, लघु. सांधा एका व्यंजनाच्या अलीकडे घेतला की पलीकडे, एवढ्यानेच डोंगराचा समुद्र होतो! हा भेद दाखविण्यासाठी मराठीने दोन वेगळी चिन्हे ठेवली आहेत. आघात असेल तेथे डोक्यावरचा रफार; आघात नसेल तेथे पापणीच्या केसासारखा आडवा, वाकडा 'ऱ'. जो मुलगा 'दर्याखोऱ्यांतून' असे लिहितो, तो नकळत समुद्रात उतरलेला असतो.

आणखी एक जोडी ध्यानात ठेवावी. 'आचार्याला बोलवा' म्हटले, तर गुरुजी येतील. 'आचाऱ्याला बोलवा' म्हटले, तर स्वयंपाकी येईल. आ-चार्-या-ला आणि आ-चा-ऱ्या-ला. अवयव दोहोंतही चारच, आणि सर्व गुरु. म्हणजे येथे वजनाचाही भेद उरला नाही. भेद केवळ सांध्याचा.

५. कवितेचा हिशेब निराळा

येथवर जे सांगितले ते गद्याचे व बोलण्याचे. पद्यात उतरताच हिशेब बदलतो, हे न सांगितल्यास विद्यार्थ्यांचा घोटाळा होईल. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा व चार अशी अक्षरे असतात. अनुष्टुभ् छंदाच्या प्रत्येक चरणात आठ. ही मोजणी करताना गद्यात लोपणारा 'अ' जिवंत धरतात. बोलताना दोन अवयवांचा असलेला 'करवत' अभंगात आला, तर चार अक्षरांची जागा घेतो, आणि गाणाराही त्या चारही अक्षरांना थोडाथोडा स्वर देतो. आपल्या ओव्या, अभंग व भजने म्हणताना शेवटचा 'अ' लांबवला जातो तो ह्याच कारणाने. म्हणून कविता गद्यासारखी तोडून वाचली, तर ती लंगडते. आणि गद्य कवितेसारखे अक्षर-अक्षर वाचले, तर ते कृत्रिम होते. दोन्ही रीती शुद्ध आहेत. मात्र ज्याची त्याची जागा ओळखली पाहिजे.

ह्या प्रसंगी थॉमस स्टीफन्स ह्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आले. त्यांनी येथील भाषा आपलीशी केली, आणि मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. कोंकणीचे त्यांनी लिहिलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, गोव्यात राशोल येथे छापून निघाले. परक्या लिपीत मराठी ओवी बसवावयाची, म्हणजे प्रत्येक अक्षरातील 'अ' लिहावयाचा की नाही, हे पावलोपावली कानाने ठरविणे आले. दूर देशीच्या मनुष्याने हा कान कष्टाने मिळविला; आपणास तो आईच्या मांडीवर मिळाला आहे. मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही, एवढाच काय तो धोका.

६. वाचणारांस व ऐकणारांस

विद्यार्थ्यांनी मोठ्याने वाचण्यापूर्वी लांब शब्द एकदा मनात बोलावा. तो घरी आपण कसा बोलू, हे स्वतःस विचारावे, आणि मग उच्चारावा. टाळी देऊन अवयव मोजण्याची युक्ती सोपी आहे: जितके झटके, तितक्या टाळ्या. पालकांपाशी एकच विनंती आहे. मूल वाचू लागले म्हणजे हातातील काम क्षणभर बाजूस ठेवून ऐकावे. स्वतःस लिहिता-वाचता येत नसले, तरी हरकत नाही. शब्द कोठे मोडला हे ओळखण्यास डोळ्यांची नव्हे, कानांची गरज असते. 'हा शब्द आपण असा बोलत नाही' एवढे आजीने म्हटले, तरी तो एक पाठच होईल. ठाकरवाडीतील किंवा कातकरवाडीतील मूल आपल्या घरची बोली घेऊन शाळेत येते, तेव्हा तिला अशुद्ध म्हणून गप्प करण्यापूर्वी आपणही थोडे थांबावे. कारण बोलीच्या कानावरच वाचनाचे घर उभे राहावयाचे असते.

ज्यांस ह्या विषयात अधिक खोल जावयाचे असेल, त्यांनी मोरो केशव दामले ह्यांचे १९११ सालचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' वाचनालयातून मिळवून पाहावे.

अभ्यास

पुढील शब्दांचे बोलण्यातील अवयव पाडा: भिवपुरी, सरपण, करवंदे, धबधबा, पाताळगंगा, सातबाऱ्याचा.

उत्तरे: भिव्-पु-री, सर्-पण्, कर्-वं-दे, धब्-ध-बा (द्विरुक्त शब्द, म्हणून समासाप्रमाणे तोडावा), पा-ताळ्-गं-गा, सात्-बा-ऱ्या-चा. शेवटच्या शब्दात 'बा'नंतर सांधा का येतो, हे दऱ्या व दर्या ह्यांचे उदाहरण आठवून प्रत्येकाने स्वतः सांगावे. आणि पुढच्या वेळी घरी सातबाऱ्याचा उतारा वाचण्याची वेळ आली, म्हणजे तो असा वाचावा की, ऐकणाऱ्यास आपल्याच जमिनीची गोष्ट चालली आहे हे लगेच कळावे.